न कातरलेलं कोकरू

मला दिवस गेलेत हे घरात सगळ्यांत आधी व्हार्निशच्या वासाला कळलं. माझा नवरा मोटारी भरतो, म्हणजे विहिरीवरच्या, बोअरमधल्या जळलेल्या मोटारींचं वायंडिंग करून देतो. घोडेगावात एसटी स्टँडच्या मागे त्याचा गाळा आहे. तांब्याची तार भरून झाली की तिच्यावर व्हार्निश ओततात, आणि तो वास त्याच्या कपड्यांना, केसांना, नखांना चिकटून रोज संध्याकाळी निरगुडसरला आमच्या घरी यायचा. लग्न झाल्यापासून मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र तो दारात आला आणि मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून मोरीकडे धावले. तो उंबऱ्यातच थांबला. "काय झालं?" म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच कळलं. दुसऱ्या दिवसापासून तो अंगणातल्या नळावर आंघोळ करूनच आत येऊ लागला.

एरवी मी त्याला अहो-जाहो करते. इथे करणार नाही. मला इथे खरं सांगायचंय आणि अहो-जाहो करत खरं सांगायला माझी जीभ अडखळते.

आम्ही आनंद केला नाही. आदल्या वर्षी तिसऱ्याच महिन्यात एक गेलं होतं, तेव्हा आम्ही पेढे वाटून मोकळे झालो होतो. ज्यांनी पेढे खाल्ले तेच नंतर समजूत घालायला आले. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. या खेपेला पेढे नाहीत, स्टेटस नाही, खोडदला माझ्या आईवडलांनाही एवढ्यात सांगायचं नाही असं ठरलं. सासूबाईंना तेवढं सांगावं लागलं, कारण घरात मोरी एकच.

सासूबाई ऐकून एवढंच म्हणाल्या, "बरं. जड उचलू नको." मग बाहेरच्या खोलीत जाऊन त्यांनी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली. पौर्णिमा नव्हती, तरी लावली.

आमच्या घरात दुसरा देव नाही. माझ्या आजेसासऱ्यांनी धर्म घेतला तेव्हा देव्हाऱ्यातले टाक टोपलीत घालून नदीला सोडले, आणि त्यानंतर या घरात कोणी नवस बोललं नाही, अंगारा लावला नाही, की जत्रेचा नारळ घेतला नाही. सासरे याबाबत फार कडक होते म्हणतात. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय आणि फोटोतही ते कडकच दिसतात. सासूबाई तशा मऊ, पण या एका गोष्टीत त्याही हलत नाहीत. "आपल्यात मागायचं नसतं, वागायचं असतं," असं त्या म्हणतात. पंचशील त्या नुसतं म्हणत नाहीत, पाळतात. घरात ढेकूण झाले तेव्हा त्यांनी बाज उन्हात नेऊन ठेवली आणि ढेकणांना आपल्या पायांनी जायला सांगितलं. मी औषध मारलं ते त्या पुढच्या गल्लीत गेल्यावर.

मीही याच धर्मात जन्मले. माझं माहेर खोडदचं, त्या रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य तबकड्यांशेजारचं. आमच्या कांद्याच्या वावरातून त्या सावकाश तोंड फिरवताना दिसायच्या. वडील सांगायचे, "त्या नुसत्या ऐकतात. बोलत नाहीत." मोठी झाल्यावर मला वाटायचं, आपला धर्मही असाच आहे, शहाणा आणि गप्प. एरवी मला ते बरंच वाटायचं, कारण बडबड करायला मी एकटी पुरेशी आहे. पण पोटुशी बाईला कधीकधी वाटतं, कोणीतरी नुसतं "होईल सगळं नीट" एवढं म्हणावं, खोटं का होईना.

ते म्हणणारी बाई आमच्या कुंपणापलीकडे राहत होती. तिला आम्ही सगळे मावशी म्हणतो. तिच्या सासरचे लोक पूर्वी मोठा कळप घेऊन पावसाळा सरला की कोकणात उतरायचे. आता तिचा नवरा नाही, मुलगा चाकणला कंपनीत आहे, आणि तिच्याकडे थोडी मेंढरं अन् तुकडाभर रान उरलंय. ती आणि सासूबाई रोज सकाळी आमच्या ओट्यावर चहा पितात. मावशीचा देव बिरोबा. त्याच्या जत्रेचा प्रसाद ती दरवर्षी आणून आमच्या ओट्यावर ठेवते आणि सासूबाई तो दरवर्षी कोंबड्यांना घालतात. मावशीला हे ठाऊक आहे. ती मुद्दाम ज्यादा आणते आणि म्हणते, "कोंबड्यांना पुरला पायजे." दोघींची मैत्री इतकी वर्षं या एका करारावर टिकली आहे.

चौथा महिना सरला आणि आम्ही जरा श्वास घेतला. मी ब्लाउज शिवते. मशीन पायाची होती ती त्याने मोटार लावून हलकी करून दिली. संध्याकाळी नळावरची आंघोळ झाली की तो माझ्याजवळ येऊन बसायचा. मोटारीचं बेअरिंग तपासायचं असलं की मिस्त्री लोक पान्याचं किंवा स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला लावतात आणि मूठ कानाला. आत काय चाललंय ते त्यातून ऐकू येतं. हा माणूस तसाच गंभीर चेहरा करून माझ्या पोटाला कान लावायचा आणि म्हणायचा, "बेअरिंग ओके. आवाज नाय, खरखर नाय." मी म्हणायचे, "गॅरंटी किती?" तो म्हणायचा, "आपण गॅरंटी देत नाय. सर्व्हिस देतो." त्याला आत काय ऐकू यायचं देव जाणे. बहुतेक माझं दुपारचं जेवण. पण त्याने कान लावला की आतलं खरंच हलायचं.

मंचरला ज्या डॉक्टरीणबाईंकडे जायचो, त्यांनी पुढच्या सोनोग्राफीत मशीन बराच वेळ एकाच जागी फिरवलं. मग म्हणाल्या, बाळाची वाढ मागे आहे. वारेतून बाळाला रक्त हवं तेवढं पोचत नाही. घाबरू नका, पण आराम हवा, डाव्या कुशीवर झोपायचं, दर काही दिवसांनी दाखवायला यायचं, आणि बाळ हलतंय का याकडे लक्ष ठेवायचं. घाबरू नका म्हटल्यावर माणूस का घाबरतो कोणास ठाऊक. परतीच्या वाटेवर तो गाडी इतकी हळू चालवत होता की आम्हाला सायकलवाल्यांनी मागे टाकलं.

त्यानंतर माझी मशीन बंद झाली. मी डाव्या कुशीवर पडून खिडकीतून मावशीचं रान बघत राहायचे. मला पडून राहायची सवय नाही. मी चिडचिडी झाले. वरणात मीठ कमी पडलं तरी भांडायचे, आणि तो न भांडता मीठ आणून द्यायचा, त्याचा आणखी राग यायचा.

दसरा झाला की मावशी मेंढरं कातरते. त्या दिवशी मला करमेना म्हणून सासूबाईंनी मला हाताला धरून ओट्यावर आणून बसवलं. मावशी आणि तिचा दीर एकेक मेंढरू पाडून, पाय बांधून, कातरीनं लोकर उतरवत होते. कातरलेली मेंढरं उघडीनागडी, खजील होऊन इकडेतिकडे बघत होती. मला कितीतरी दिवसांनी हसू आलं. सगळी झाली तरी एक कोकरू तसंच राहिलं होतं, काळं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं, लोकरीनं गच्च.

"मावशी, त्याचं काय पाप? का त्याच्याकडं बघून कातर बोथट झाली?" मी ओरडले.

मावशी उत्तर देईना. तिच्या दिरानं तिच्याकडे बघितलं, तिनं त्याला डोळ्यांनी गप्प केलं. तोंडात तीळ न भिजणारी ही बाई गप्प बसली, तेव्हाच माझ्या मनात काहीतरी खुटखुटलं.

"कुणाचंय ते?"

"देवाचं हाय," ती म्हणाली. तिच्या घरात देवाला बोललेल्या कोकराला कातर लावत नाहीत, ते जसं वाढेल तसं वाढू देतात आणि जत्रेत वाहतात, हे मला माहीत होतं.

"तुमी काय मागितलं?"

तिनं हातातली लोकर खाली ठेवली. "माज्यासाठी न्हाई मागितलं, पोरी. तुज्यासाठी बोललीय मी. बाळ सुखरूप व्हऊ दे म्हनून. भाऊ आले व्हते माज्याकडं."

भाऊ म्हणजे माझा नवरा.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांनाही हे आत्ताच समजत होतं. त्या उठल्या आणि मला हाताला धरून आत घेऊन गेल्या.

संध्याकाळी तो नळावर आंघोळ करत असतानाच मी त्याला गाठलं. साबण तोंडाला लागलेला, डोळे मिटलेले, पळायला जागा नाही.

"नवस बोललात तुम्ही?"

"मी नाय बोललो."

"मग कोण बोललं?"

"मावशी बोलली." डोळ्यांवर पाणी मारत तो म्हणाला, "मी तिला नुसतं सांगितलं, डॉक्टर असं असं म्हनाल्या. ती म्हनाली, मी माज्या देवाला बोलते. मी हो नाय म्हनालो."

"नाही म्हणालात?"

तो बराच वेळ पाणी ओतत राहिला. "नाय पण नाय म्हनालो."

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, अशी ही तऱ्हा. आपला धर्मही मोडायचा नाही आणि दुसऱ्याच्या देवाचं दारही सोडायचं नाही. मी त्याला वाटेल ते बोलले. तुमच्या आजोबांनी टोपलीभर देव नदीला सोडले आणि तुम्ही एक उसना आणलात, असंही म्हणाले. तो भिजलेला उभा होता. म्हणाला, "मोटार असती तर उघडून बघितली असती गं. हिथं मला काहीच करता येईना. काय करू, सांग ना." मी टॉवेल दिला.

सासूबाईंनी मुलाला एका शब्दानं विचारलं नाही. फक्त सातव्या महिन्यात गर्भमंगल, म्हणजे पोटुशीसाठीचा आमच्यातला विधी, करायचं ठरलं होतं ते त्यांनी लवकर आणलं. विहारातले बौद्धाचार्य आले, शेजारपाजारच्या बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या, रक्षणासाठीचा परित्राण पाठ झाला, पाण्याच्या तांब्याला गुंडाळलेला पांढरा दोरा माझ्या मनगटाला बांधला. सगळे गेल्यावर मी दोरा दाखवून सासूबाईंना डिवचलं, "आणि याला काय म्हणायचं, आई?" त्या म्हणाल्या, "ही मागनी नाय. तू एकली नाहीस, याची आठवन हाय." मावशीही आली होती. सगळ्यांत मागे बसली आणि खीर दोनदा घेतली. त्या दिवशी मी मनापासून सुखी होते, हे लिहून ठेवायला हवं.

आणि खरं सांगायचं तर ते कोकरू मला आवडायला लागलं होतं. खिडकीतून मला तेच दिसायचं. मावशी संध्याकाळी मेंढरं वाघरीत घालायची. वाघर म्हणजे खुंटांना ताणलेलं दोरीचं जाळं. देवाचं कोकरू इतरांत मिसळू नये म्हणून ती त्याला वाघरीच्या कडेला, वेगळ्या खुंटाला बांधायची. उघड्या मेंढरांत ते एकटंच कोट घातलेल्या पाहुण्यासारखं उभं असायचं. मी त्याच्याकडे बघून पोटावर हात ठेवायचे आणि मनात म्हणायचे, माझा तुझ्यावर विश्वास नाही बरं का. आतून लाथ बसायची.

थंडीत ऊसतोड सुरू झाली. ऊस तुटला की त्यातला बिबट्या उघड्यावर येतो. आमच्याकडे त्याला वाघच म्हणतात, आणि वाघ आला हे वाक्य इथे पाव्हणं आलं इतकं सहज उच्चारलं जातं. अंधार पडायच्या आत सगळे घरात, कुत्री साखळीला, मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावून वावरात जायचं, असं सगळं चालू होतं.

एका सकाळी मावशी चहाला आली नाही. खिडकीतून बघते तर वाघर एका बाजूनं लोळलेली आणि काळं कोकरू दिसत नव्हतं. नवरा अजून कामावर गेला नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "ते व्हय? ते मावशीनं बहिणीकडं पाठवलंय. हिथं थंडी लई." लोकरीनं गच्च भरलेल्या कोकराला थंडी, आणि उघडी मेंढरं मात्र मजेत. माझ्या नवऱ्याला मोटारी भरता येतात, थापा मारता येत नाहीत. दुसरं कोकरू आणून उभं करावं तर तेही त्यांना जमणार नव्हतं, कारण बाकीच्यांची लोकर उतरलेली. तो बोलत होता तेव्हा सासूबाई उगाच उठून चुलीपाशी गेल्या. मी ते पाहिलं.

तो गेल्यावर मी त्यांना हाक मारली. "आई, कोकरू कुठंय?"

त्या फुंकणीनं चूल फुंकत राहिल्या.

"आई, मी तुम्हाला विचारतेय."

त्यांनी फुंकणी खाली ठेवली. मला आजही त्यांचा तो चेहरा दिसतो. मुलानं रचलेली थाप त्यांना मोडायची नव्हती, आणि खोटं न बोलण्याचं जे शील आयुष्यभर म्हणत आल्या तेही मोडता येत नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही घरात सासूनं सुनेला त्या वेळी बेधडक खोटं सांगितलं असतं, आणि कोणी त्याला खोटं म्हटलंही नसतं.

"वाघानं नेलं," त्या म्हणाल्या. "कडंला व्हतं ना." थोड्या वेळानं म्हणाल्या, "तू इच्यारलंस म्हनून सांगितलं."

मी हसले. खरंच हसले. म्हणाले, बरं झालं, बिरोबाला स्वतःहून पोचलं, जत्रेपर्यंत थांबावं लागलं नाही. सासूबाई हसल्या नाहीत. मी डाव्या कुशीवर वळून पडले आणि पोटावर हात ठेवला. मी नवस मानत नव्हते, आजही मानत नाही. पण न मानणाऱ्याला भीती वाटत नाही, असं मला कोणी लिहून दिलं नव्हतं. त्या दिवसापासून पोटावरचा हात मी जेवतानाही काढत नव्हते.

नंतरच्या तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या की वाढ अजून मागेच आहे, आणखी थोडे दिवस आत राहू दे, मग बघू. ते थोडे दिवस आम्ही जीव मुठीत धरून काढले. भांडणं बंद झाली. तो दुपारीच गाळा बंद करून यायचा. वरणात मीठ आहे की नाही हे कोणाच्या लक्षातही येत नव्हतं.

आणि मग एका सकाळी आतलं हललं नाही. मी गूळ खाल्ला, गार पाणी प्यायले, कूस बदलली, टिचक्या मारल्या. सासूबाईंना सांगितलं. त्यांनी त्याला नळावरून बोलावलं. तो ओल्या अंगानंच आला, खाली बसला आणि माझ्या पोटाला कान लावला. बाहेरून उसाची ट्रॉली चालली होती. तो म्हणाला, "थांब, टॅक्टर जाऊ दे."

ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज पार रस्त्याला लागेपर्यंत आम्ही तिघं थांबलो. त्याने कान काढला नाही. मी त्याच्या केसांत हात घातला आणि वाट बघत होते की तो आता म्हणेल, बेअरिंग ओके. त्याचा गाल माझ्या पोटावर थरथरायला लागला तेव्हा मला कळलं.

मुलगी होती. तिला भरपूर केस होते, काळेभोर, ओले. तिला मी हातात घेतलं तेव्हा ती कोमट होती, म्हणजे माझ्याइतकी. तिच्या अंगावर घालायला मी जुन्या साडीची दुपटी शिवली होती, ती सासूबाईंनी सोबत आणली होती. त्यातल्याच एकात तिला गुंडाळलं. आमच्या रानाच्या बांधाला तिला ठेवलं, सासूबाईंनी त्रिशरण म्हटलं, आणि त्यांचा आवाज मध्येच तुटला तिथून पुढे तो म्हणाला. हे मला नंतर कळलं. मी दवाखान्यात होते आणि मला दूध आलं होतं.

घरी आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी मावशी आली. ओट्यावर चढली नाही, खाली मातीत बसली. म्हणाली, "माज्या राखनीत खोट पडली, पोरी. कडंला बांधायला नको व्हतं मी. देवाचं देवाला पोचायच्या आदी गेलं." मी तिला सांगितलं, मावशी, वारेतून रक्त पोचत नव्हतं, डॉक्टर आधीपासून सांगत होत्या, कोकराचा काही संबंध नाही. तिनं पदरानं डोळे पुसले, मान हलवली, आणि तिला पटलं नाही.

नवरा एकदा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मीच जायला नको व्हतं मावशीकडं. आपल्यात नसतं ते केलं." सासूबाई जेवत नव्हत्या. एकदा ताट बाजूला सारत म्हणाल्या, "मी गप बसले असते तर तुज्या जिवाला घोर लागला नसता. कशाला मेलं ते शील."

मला त्या तिघांचा भयंकर राग आला. डॉक्टरीणबाईंचं बोलणं मी प्रत्येकाला समजावून सांगितलं. प्रत्येकानं ऐकून घेतलं आणि आपापला दोष आपापल्याजवळ ठेवला. एकाजवळ नवस, एकीजवळ खुंट, एकीजवळ खरं बोलणं. प्रत्येकाला रात्री उशाशी घेऊन झोपायला काहीतरी होतं. पोट माझं रिकामं झालं होतं आणि मला दोष द्यायलासुद्धा कोणी नव्हतं. डाव्या कुशीवर मी झोपले होते. सांगितलं ते सगळं खाल्लं होतं. माझं काही चुकलं नव्हतं, आणि त्यासारखं दुसरं काही वाईट नाही.

पौर्णिमेला विहारात गेले तेव्हा सगळं अनित्य आहे असं प्रवचन चालू होतं. मी उठून बाहेर आले आणि चपलांपाशी बसले. मला त्या दिवशी त्या शहाण्या, गप्प धर्माचा राग आला. थोड्या वेळानं सासूबाई बाहेर आल्या आणि माझ्याशेजारी चपलांपाशीच बसल्या. आत ये असं त्या म्हणाल्या नाहीत. वंदना संपेपर्यंत आम्ही दोघी तिथे बसून होतो. त्यानंतर मी पुन्हा जायला लागले.

उन्हाळ्यात मावशीनं पुन्हा मेंढरं कातरली. या वेळी सगळी कातरली, एकही ठेवलं नाही. ती चहाला यायची बंद झाली होती. सासूबाई कप तिच्याकडे घेऊन जायच्या आणि दोघी वाघरीजवळ उभ्यानंच पीत. एका रविवारी नवरा शिडी घेऊन गेला आणि न विचारता वाघरीवर मोठा दिवा लावून आला. अंधार पडला की तो दिवा आमच्या खिडकीत यायचा. मी पडदा शिवून लावला.

पुन्हा पावसाळा गेला, दसरा झाला. त्या संध्याकाळी कातरणी संपवून मावशी मेंढरं वाघरीत घालत होती. चहाचा कप द्यायला सासूबाईंऐवजी मी गेले. मला त्या दिवसांत सकाळी पुन्हा मळमळायला लागलं होतं. मी कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. तो आंघोळ करूनच आत येत होता, वर्षभरात त्याने ती सवय सोडली नव्हती, त्यामुळे व्हार्निशलाही कळायचं कारण नव्हतं.

उघड्या मेंढरांत एक तांबूस कोकरू लोकरीनं भरलेलं उभं होतं.

मी मावशीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, जाळं ताणत होती. मला एक वर्षापूर्वीची सगळी वाक्यं आठवली. मी मानत नाही. आमच्यात नसतं. उसना देव. कोकरू कडेच्या खुंटापाशी होतं आणि पलीकडे ऊस पुरुषभर वाढला होता.

"मावशी," मी म्हणाले, "त्याला कडेला नका बांधू. मध्ये बांधा."

तिचे हात थांबले. मी कप बांधावर ठेवला, आणि कोकराचा खुंट उपटायला खाली वाकले.

"ऱ्हाऊ दे," मावशी घाईनं म्हणाली. तिनं माझा दंड धरून मला सरळ उभं केलं. "तू वाकू नगंस आता. मी बांधते."